व्हर्च्युअल केलेलं लिनक्स मशीन बूट होत नसेल, तर शेवटची ओळ वाचा आणि तिथूनच शोधा

तुमची अडचण थोडक्यात अशी: अनेक वर्षं नीट चाललेल्या एका सर्व्हरच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा घेतली आणि ती केव्हीएम या लिनक्सच्या व्हर्च्युअलायझेशन यंत्रणेवरच्या नव्या व्हर्च्युअल मशीनला जोडली. ग्रब या बूटलोडरचा मेनू आला, कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू झाला, पण दोन-तीन मिनिटांनी ‘ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट’च्या ओळी आल्या आणि शेवटी काळ्या पडद्यावर ड्रॅकटचा (बूटच्या सुरुवातीची तयारी करणाऱ्या साधनाचा) प्रॉम्प्ट उरला. प्रत बिघडली असेल म्हणून सगळी डिस्क पुन्हा उतरवली, तरी तेच झालं. आता तिसऱ्यांदा उतरवावी, की सगळं नव्याने इन्स्टॉल करावं?

दोन्हीची गरज नाही. ग्रबचा मेनू दिसला आणि कर्नल मेमरीत चढला, म्हणजे पार्टिशन टेबल आणि बूटचा भाग तरी शाबूत उतरला आहे. अडचण उतरवलेल्या प्रतीमध्ये नाही. सिस्टिम अजून जुन्या मशीनचं हार्डवेअर शोधते आहे. लिनक्स या खुणा मोजक्याच ठिकाणी जपून ठेवतं: फर्मवेअरच्या बूट नोंदीत, ग्रबच्या कॉन्फिगमध्ये, इनिटरॅमएफएसमध्ये (त्याबद्दल पुढे सांगतो), एलव्हीएमच्या, म्हणजे डिस्कची जागा लवचीकपणे वाटणाऱ्या व्यवस्थेच्या, सेटिंगमध्ये, एफएसटॅबमध्ये (बूटला काय काय माउंट करायचं त्याची यादी) आणि नेटवर्कच्या फाइलींत. बूट नेमकं कुठल्या पायरीवर थांबलं ते कळलं, की बहुतेक वेळा यांतली एकच जागा उघडावी लागते. घाईघाईने एकदम चार गोष्टी बदलल्या, की पहिल्या चुकीवर दुसरी चढते आणि मग मूळ कारण सापडत नाही. म्हणून आधी व्हर्च्युअल डिस्कचा स्नॅपशॉट घ्या. पुढचं सगळं त्यानंतर.

दुसरं म्हणजे, पडद्यावर काय चाललंय ते दिसू द्या. ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, कर्नलच्या ओळीतले ‘आरएचजीबी’ आणि ‘क्वाएट’ हे शब्द काढा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच राहतो. त्याच ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस०’ असं काही आहे का, तेही बघा. प्रत्यक्ष सर्व्हरवर सिरीयल कन्सोल वापरात असेल, तर सगळे संदेश तिकडे जातात आणि व्हर्च्युअल मशीनचा पडदा कोराच राहतो. एका ठिकाणी लोकांनी अशा मशीनची डिस्क तीनदा उतरवली होती. मी डिस्कच्या वाचनाचा आलेख पाहिला, तर तो अगदी निरोगी बूटसारखा दिसत होता. व्हर्च्युअल मशीनला सिरीयल पोर्ट जोडला, तर तिथे लॉगिनचा प्रॉम्प्ट वाट पाहत होता. मशीन पहिल्या प्रतीपासूनच चालू होतं.

आता तुमच्या प्रॉम्प्टकडे येऊ. इनिटरॅमएफएस म्हणजे रूट फाइलसिस्टिम उघडण्याआधी कर्नलला लागणाऱ्या ड्रायव्हरांची छोटी पेटी. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पासून ड्रॅकट ही पेटी ‘होस्ट-ओन्ली’ पद्धतीने भरतो, म्हणजे त्या क्षणी मशीनमध्ये जे हार्डवेअर आहे त्यापुरतेच ड्रायव्हर आत ठेवतो. प्रत्यक्ष सर्व्हरवर रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड; रेड हॅटशी त्याचा संबंध नाही) होता, म्हणून मेगारेड-सॅस, एमपीटी३सॅस किंवा एचपीएसए आत गेला. व्हर्च्युअल मशीनला मात्र केव्हीएमवर व्हर्टआयओ-ब्लॉक किंवा व्हर्टआयओ-स्कझी लागतो, व्हीएमवेअरवर पीव्हीस्कझी किंवा एमपीटी घराण्यातला ड्रायव्हर, आणि हायपर-व्हीवर एचव्ही-स्टोरव्हीएससी. हे ड्रायव्हर तुमच्या डिस्कवर नाहीत असं नाही. ते रूट फाइलसिस्टिममध्ये मॉड्यूल्सच्या फोल्डरात व्यवस्थित पडून आहेत. पण ती फाइलसिस्टिम उघडायलाच तो ड्रायव्हर हवा. किल्ली कुलूपबंद कपाटातच राहून गेली आहे.

हा नुसता अंदाज म्हणून धरू नका, तिथल्या तिथे तपासा. ड्रॅकटच्या प्रॉम्प्टवर ‘कॅट /प्रॉक/पार्टिशन्स’ चालवा. यादी रिकामी असेल किंवा तुमची डिस्क त्यात नसेल, तर ड्रायव्हर नाही, हे पक्कं. डिस्क आणि तिची पार्टिशन्स दिसत असतील, तर ड्रायव्हर ठीक आहे आणि घोळ नावाचा, यूयूआयडीचा (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) किंवा एलव्हीएमचा आहे. या एका कमांडने निम्मं काम होतं, आणि नेमकी हीच पायरी लोक वगळतात. डेबियन आणि उबंटूवर असाच प्रॉम्प्ट ‘इनिटरॅमएफएस’ या नावाने येतो आणि वर ‘अलर्ट! यूयूआयडी … डझ नॉट एक्झिस्ट’ असा संदेश असतो. तिथे मात्र पेटीत डीफॉल्टनेच बहुतेक सगळे ड्रायव्हर भरलेले असतात, त्यामुळे ड्रायव्हर नसण्याची शक्यता कमी असते. कोणी कॉन्फिगमध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’च्या जागी ‘डेप’ (फक्त गरजेपुरते ड्रायव्हर) केलं असेल, तरच ती वाढते.

ड्रायव्हर नाही असं ठरलं, तर सर्वांत सोपा रस्ता आधी घ्या. रेड हॅट घराण्यात ग्रबच्या मेनूच्या तळाशी ‘रेस्क्यू’ नावाची एक नोंद असते. तिचं इनिटरॅमएफएस होस्ट-ओन्ली नसतं, सगळे ड्रायव्हर घेऊन बनवलेलं असतं. ती निवडली की बऱ्याचदा मशीन थेट उठतं. तो कर्नल पहिल्या इन्स्टॉलच्या वेळचा असतो आणि अपडेटनंतर त्याची मॉड्यूल्स कधीकधी पुसली गेलेली असतात. म्हणून नेटवर्क आलं नाही तरी घाबरू नका. आपल्याला तिथे फक्त लॉगिन हवं आहे.

ती नोंद नसेल, तर व्हर्च्युअल मशीनची डिस्क तात्पुरती साटा किंवा आयडीईवर टाकून बघा. पेटीत एएचसीआय किंवा एटीए-पीआयआयएक्स असेल तर मशीन उठेल, पण ते असेलच याची खात्री नाही.

तेही जमलं नाही, तर लाइव्ह आयएसओने बूट करून सीएचरूट करा, म्हणजे तिथून तुमच्या डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरून कमांड चालवा. आधी एलव्हीएम सक्रिय करा, मग रूट माउंट करा, त्यावर बूट पार्टिशन आणि यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) असेल तर ईएफआय पार्टिशन माउंट करा. नंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चारही फोल्डर बाइंड-माउंट करून आत शिरा. आत गेल्यावर पुढची चूक मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. सीएचरूटमध्ये ‘यूनेम -आर’ विचारलं, तर उत्तर लाइव्ह आयएसओच्या कर्नलचं येतं, तुमच्या सर्व्हरच्या कर्नलचं नव्हे. नुसतं ‘ड्रॅकट -एफ’ चालवलं, तर ड्रॅकट त्या परक्या कर्नलसाठी पेटी बांधायला जातो. एक तर मॉड्यूल्स सापडत नाहीत म्हणून थांबतो, नाही तर भलतीच फाइल तयार होते आणि बूट होताना जुनीच पेटी उघडते. मग माणसाला वाटतं की इनिटरॅमएफएस नव्याने बांधूनही उपयोग झाला नाही. म्हणून ‘लिब/मॉड्यूल्स’मधल्या फोल्डरांची नावं वाचा आणि कर्नलची आवृत्ती ‘--केव्हर’ला स्पष्ट द्या. किंवा सरळ ‘ड्रॅकट --रीजनरेट-ऑल --फोर्स --नो-होस्टओन्ली’ चालवा. डेबियनवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’. नंतर ‘एलएसइनिटआरडी’ने पेटी उघडून व्हर्टआयओ आत आहे ना, ते डोळ्यांनी पाहा. डेबियनवर हेच काम ‘एलएसइनिटरॅमएफएस’ करतं.

एसईलिनक्स (फाइलींवर सुरक्षेची लेबलं लावणारी व्यवस्था) चालू असलेल्या सिस्टिमवर सीएचरूटमधून फाइली बदलल्या असतील, तर रूटमध्ये ‘.ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल ठेवा. पहिलं बूट लांबेल, पण नंतर लॉगिनच्या वेळी विचित्र त्रास होणार नाही.

डिस्क कुठल्या कंट्रोलरवर जोडायची, याबद्दल माझं मत ठाम आहे: प्रत्यक्ष मशीनवरून आलेल्या सिस्टिमला व्हर्टआयओ-स्कझी द्या. व्हर्टआयओ-ब्लॉकवर डिस्कचं नाव ‘व्हीडीए’ होतं, व्हर्टआयओ-स्कझीवर ते ‘एसडीए’च राहतं. जुन्या एफएसटॅबमध्ये, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये, कोणीतरी कधीतरी लिहिलेल्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांत) ‘एसडीए’ लिहिलेलं असतंच. सर्व्हरवर एचपीच्या जुन्या रेड कार्डाचा ‘सीसीआयएसएस’ ड्रायव्हर असेल, तर डिस्कचं नावच ‘सी०डी०’ असं असतं. तिथे कुठलाही कंट्रोलर दिला तरी नाव बदलणार, आणि सगळीकडे यूयूआयडी लिहिण्याशिवाय इलाज नाही. व्हर्टआयओ-स्कझी मूळ कर्नलमध्ये ३.४ पासून आहे. त्याहून जुना कर्नल असेल, तर तुमच्या लिनक्स वितरणाने तो आपल्या जुन्या कर्नलमध्ये आणून बसवलाय का ते आधी पाहा.

खूप जुन्या सिस्टिमवर आणखी एक खाच आहे. क्यू३५ प्रकारच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये पीसीआय-एक्स्प्रेस स्लॉटवर बसवलेली व्हर्टआयओ उपकरणं फक्त नव्या, म्हणजे १.० च्या भाषेत बोलतात. जुन्या कर्नलला ती भाषा कळत नाही. ड्रायव्हर पेटीत आहे, लोडही होतो, तरी डिस्क दिसत नाही. अशा मशीनला जुना आय४४०एफएक्स प्रकार द्या किंवा उपकरणाचं मॉडेल ‘व्हर्टआयओ-ट्रान्झिशनल’ करा.

डिस्क दिसते पण रूट सापडत नाही, असं असेल तर ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ आणि ‘ब्लकआयडी’ यांचं उत्तर शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘रूट=’ पुढचं नाव आणि ‘आरडी.एलव्हीएम.एलव्ही=’ पुढची नावं खरोखर अस्तित्वात आहेत का? व्हॉल्यूम ग्रुपचं (एलव्हीएमने एकत्र बांधलेल्या डिस्कच्या गटाचं) नाव मधल्या काळात कोणी बदललं असेल, तर कर्नलची ओळ अजून जुन्याच नावाला हाक मारते. प्रॉम्प्टवर ‘एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय’ चालवून व्हॉल्यूम उघडली, तर ‘एक्झिट’ टाइप करा, बूट पुढे सरकेल. ती अशी हाताने उघडत असतील, तर मूळ दोष एलव्हीएमच्या फिल्टरमध्ये किंवा मल्टिपाथमध्ये (एकाच डिस्ककडे अनेक वाटांनी पोहोचण्याच्या सोयीत) शोधा. एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये कोणी फिल्टर लावून ठरावीक नावांच्या डिस्कनाच परवानगी दिलेली असते, आणि त्या फाइलची प्रत इनिटरॅमएफएसमध्येही जाते. म्हणजे फिल्टर सुधारला तरी पेटी पुन्हा बांधावी लागते. रेड हॅट ९ मध्ये फिल्टरऐवजी ‘सिस्टिम.डिव्हायसेस’ ही फाइल डीफॉल्टने वापरात आली. तिच्यात डिस्कच्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीसारख्या (हार्डवेअरचा स्वतःचा क्रमांक) ओळखी नोंदलेल्या असतात आणि व्हर्च्युअल डिस्कची ओळख साहजिकच वेगळी निघते. तिथे ‘व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेस’ने फाइल नव्याने भरून घ्यावी.

तुमच्या प्रॉम्प्टऐवजी ‘कर्नल पॅनिक … अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’ आलं असतं, तर कंसातले आकडे वाचायला सांगितलं असतं. (०,०) म्हणजे कर्नलला डिस्कच मिळाली नाही, आणि बहुधा इनिटरॅमएफएसची फाइलच लोड झालेली नसते: ग्रबमधली तिची ओळ गायब आहे किंवा फाइल अर्धवट लिहिली गेली आहे, बूट पार्टिशन भरलेलं असताना हे हमखास होतं. (८,१) सारखा आकडा आला, तर डिस्क सापडली आहे, फाइलसिस्टिम उघडता आलेली नाही.

फाइलसिस्टिम न उघडण्याचं एक कारण डिस्कच्या प्रतिमेऐवजी फाइली आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने उतरवणाऱ्यांच्या वाट्याला येतं. नव्या डिस्कवर एमकेएफएस (फॉरमॅटची कमांड) चालवलं ते आजच्या लाइव्ह आयएसओमधून, आणि आत ठेवली दहा-बारा वर्षांपूर्वीची सिस्टिम. २०१६ च्या ई२एफएसप्रॉग्ज १.४३ पासून नव्या ईएक्सटी४ वर ‘मेटाडेटा-सीसम’ आणि ‘६४बिट’ ही वैशिष्ट्यं आपोआप चालू होतात. रेड हॅट ६ च्या २.६.३२ कर्नलला ‘मेटाडेटा-सीसम’ माहीत नाही. तो ‘अनसपोर्टेड ऑप्शनल फीचर्स (४००)’ असं म्हणून थांबतो, आणि ग्रब तर त्याही आधी ‘अननोन फाइलसिस्टिम’ म्हणू शकतो. एक्सएफएसवरही तसंच: एक्सएफएसप्रॉग्ज ५.१५ पासून ‘बिगटाइम’ डीफॉल्ट झालं, आणि रेड हॅट ७ चा ३.१० कर्नल ती फाइलसिस्टिम माउंट करत नाही. वैशिष्ट्यं एकेक बंद करत बसण्यापेक्षा मूळ सिस्टिमच्या पिढीचाच रेस्क्यू आयएसओ शोधा आणि त्यातून फॉरमॅट करा. आरसिंकला हार्डलिंक, एसीएल आणि एक्सटेंडेड अॅट्रिब्यूट घेण्याचे पर्याय द्या, नाही तर एसईलिनक्सची लेबलं आणि फाइल कॅपॅबिलिटी वाटेतच गळतात.

ग्रबचा मेनूसुद्धा आला नाही, तर प्रश्न फर्मवेअरचा आहे. मूळ मशीन यूईएफआयवर होतं की बायोसवर, हे ते चालू असतानाच बघून ठेवावं: ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हा फोल्डर असेल तर यूईएफआय. व्हर्च्युअल मशीनलाही तेच फर्मवेअर द्या. यूईएफआयमध्ये बूटची नोंद मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) असते, डिस्कवर नसते, त्यामुळे डिस्कसोबत ती येत नाही. नोंद नसेल तर फर्मवेअर ईएफआय पार्टिशनवर ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ या ठरलेल्या जागी बघतं. रेड हॅटच्या शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा, सही केलेला लोडर) पॅकेजमुळे ती जागा भरलेली असते, डेबियनवर बहुधा रिकामी. अशा वेळी फर्मवेअरच्या मेनूतून ‘बूट फ्रॉम फाइल’ निवडून डेबियनच्या फोल्डरातलं शिम किंवा ग्रब हाताने चालवा, आणि आत पोहोचल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल --फोर्स-एक्स्ट्रा-रिमूव्हेबल’ करा. हायपर-व्हीवर दुसऱ्या पिढीच्या मशीनमध्ये सिक्युअर बूटचा साचा विंडोजचा असतो. तो बदलून ‘मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट अथॉरिटी’ केला नाही, तर लिनक्सचं शिम नाकारलं जातं.

बायोसच्या मशीनवर ‘ग्रब रेस्क्यू’चा प्रॉम्प्ट आला, तर ‘एलएस’ने पार्टिशन्स बघा, ‘सेट प्रीफिक्स’ने ग्रबचा फोल्डर दाखवा, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. उठल्यावर ग्रब पुन्हा इन्स्टॉल करायला विसरू नका. फक्त पार्टिशन्स उतरवली आणि पूर्ण डिस्क नाही, तर बहुधा हा प्रॉम्प्टही येत नाही आणि ग्रब नव्याने इन्स्टॉल करावंच लागतं, कारण बायोसच्या ग्रबचा गाभा कुठल्याही फाइलसिस्टिमच्या बाहेर, सहसा एमबीआरच्या (डिस्कच्या पहिल्या सेक्टरच्या) लगेच पुढच्या मोकळ्या जागेत असतो. आणि मूळ डिस्क ४०९६ बाइटच्या सेक्टरची, तर व्हर्च्युअल डिस्क ५१२ ची असेल, तर जीपीटी (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) भलत्याच ठिकाणी शोधली जाते आणि डिस्क कोरी भासते. ती कोरी नाही. मेहेरबानी करून तिथे नवं पार्टिशन टेबल लिहू नका. व्हर्च्युअल डिस्कचा लॉजिकल सेक्टर ४०९६ करा.

एक पॅनिक डिस्कशी संबंधित नसतो, तरी लोक तासन् तास डिस्कच तपासतात. ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’ आणि त्याच्या वर ‘सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’ अशी ओळ असेल, तर व्हर्च्युअल प्रोसेसरचा प्रकार फार जुना निवडला गेला आहे. रेड हॅट ९ ला व्ही२ पातळी लागते, १० ला व्ही३. प्रोसेसर ‘होस्ट’ वर ठेवा, एवढंच.

‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ दिसलं, तर अर्धा मार्ग पार झाला समजा: रूट उघडलं आहे. इथे दोषी जवळपास नेहमी एफएसटॅब असतो. जुन्या मशीनला जोडलेलं सॅनचं लन (साठवणुकीच्या नेटवर्कवरून मिळणारी डिस्क), बॅकअपची यूएसबी डिस्क, यांची सिस्टिमडी प्रत्येकी ९० सेकंद वाट पाहतं आणि हात टेकतं. त्या ओळींपुढे ‘नोफेल’ लिहा किंवा ओळी तात्पुरत्या बंद करा. रूटचं खातं लॉक असल्याने तो प्रॉम्प्टही मिळाला नाही, तर कर्नलच्या ओळीत ‘आरडी.ब्रेक’ जोडून आत शिरता येतं. डिस्क लक्सने (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) बंद असून टीपीएमवर (मदरबोर्डवरची सुरक्षा चिप) आपोआप उघडत होती, तर नव्या मशीनचा टीपीएम वेगळा आहे. सांकेतिक शब्द हाताशी नसेल, तर जुनं मशीन बंद करण्याआधीच तो जोडून घ्या, नंतर ते दार उघडत नाही.

मशीन उठल्यावर नेटवर्क नसणं हे जवळपास ठरलेलंच आहे. ‘ईनो१’ चं ‘ईएनपी१एस०’ झालेलं असतं. जुन्या सिस्टिमवर यूडेव्हची ‘७०-पर्सिस्टंट-नेट’ ही फाइल जुना मॅक पत्ता धरून बसलेली असते, ती काढून टाका आणि इंटरफेसच्या फाइलींतलं ‘एचडब्ल्यूएडीडीआर’ही काढा. रेड कार्डाची देखरेख करणारे एजंट आणि हार्डवेअर वॉचडॉगच्या सेवा बंद करा. नेटवर्क जोडण्याआधी जुनं मशीन बंद आहे ना, हे बघा, नाही तर एकाच आयपीवर दोन सर्व्हर उत्तरं देऊ लागतील.

पुढच्या मशीनसाठी व्हर्ट-पी२व्ही हे प्रत्यक्ष मशीन व्हर्च्युअल करणारं साधन वापरून बघा. मूळ सर्व्हर त्याच्या आयएसओने बूट होतो, म्हणजे डिस्क चालू अवस्थेत उतरत नाही, आणि पलीकडे व्हर्ट-व्ही२व्ही इनिटरॅमएफएस स्वतःच नव्याने बांधतं.

सध्या मात्र तुमच्या ड्रॅकटच्या प्रॉम्प्टवर तीनच गोष्टी चालवा: ‘कॅट /प्रॉक/पार्टिशन्स’, ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ आणि ‘एलव्हीएम पीव्हीस्कॅन’. तिन्हींचं उत्तर, वितरणाची आवृत्ती आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्क कुठल्या कंट्रोलरवर आहे एवढं कळवा. पहिली यादी रिकामी असेल, तर माझ्या उत्तराची वाट न पाहता रेस्क्यू नोंदीने बूट करा आणि ड्रॅकट ‘नो-होस्टओन्ली’ने चालवा.